आरएक्स १००: उत्पादन थांबून तीन दशकं होत आली, तरी ओढ का सुटत नाही? घरातली जुनी गाडी नियमात कशी टिकवायची?

जगभरातल्या गाड्यांच्या शौकिनांना विचारलं की जुन्या सुपरकारपैकी कुठली हवी, तर फेरारी एफ४० हे नाव हमखास येतं. १९८७ मध्ये आलेली, कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी हयात असताना तयार झालेली शेवटची फेरारी. संगणकाची लुडबुड नाही, आरामाची चैन नाही, अंग हलकं आणि इंजिन तापट. आजच्या गाड्या तिच्यापेक्षा वेगवान आहेत, तरी लोक तिच्यासाठीच हळहळतात.

धाराशिव जिल्ह्यात एफ४० पाहायची ती पोस्टरवर किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर. पण त्याच काळात इथल्या रस्त्यांवर हलकी, तापट आणि कुणाचं न ऐकणारी एक गाडी आली होती. तिला चाकं दोनच होती. ती म्हणजे यामाहा आरएक्स १००.

मार्च १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तेव्हा जन्मलेली मुलं आज तिशीत आहेत आणि त्यांच्यातलेच अनेकजण ही गाडी शोधत फिरतात. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या वाड्याच्या पडवीत धूळ खात पडलेली आरएक्स पुन्हा उभी केली जाते. पण जुनी गाडी चालू करणं सोपं आणि कायद्यात चालू ठेवणं अवघड, हे बहुतेकांना नंतर कळतं. या गाडीत असं काय होतं आणि आज ती ठेवायची तर काय करावं लागतं, ते समजून घेऊया.

आरएक्स १०० आली कधी?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर भारतात जपानी तंत्राच्या शंभर सीसी मोटारसायकलींची लाट आली. हिरो होंडाची सीडी १००, टीव्हीएसबरोबर आलेली सुझुकी, बजाजची कावासाकी आणि एस्कॉर्ट्स कंपनीबरोबर आलेली यामाहा. आरएक्स १०० बाजारात आली नोव्हेंबर १९८५ मध्ये. त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. 

तोवर रस्त्यावर होत्या त्या राजदूत, येझदी, बुलेट आणि बजाजची स्कूटर. दूधवाल्यांची राजदूत, पाटलांची बुलेट अशी ढोबळ विभागणीच होती. नव्या चार गाड्यांपैकी हिरो होंडाने मायलेजचा मार्ग धरला. यामाहाने धरला पिकअपचा.

शंभर सीसीच्या गाडीची तुलना सुपरकारशी कशी?

गंमत म्हणून आकडे पाहा. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं आणि ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. म्हणजे दर शंभर सीसीमागे ११ अश्वशक्तीहून थोडी जास्तच. १९८४ ची फेरारी टेस्टारोसा घ्या. बारा सिलिंडर, ४,९४३ सीसी आणि ३९० अश्वशक्ती. तिथे दर शंभर सीसीमागे हिशेब येतो जेमतेम आठचा. टर्बो लावलेली एफ४० या हिशेबात पुढे जाते, पण साध्या इंजिनाच्या टेस्टारोसाला आपली आरएक्स मागे टाकते.

अर्थात ही तुलना सरळ नाही, कारण दोन्ही इंजिनांची जातच वेगळी. पण वजनाचा हिशेबही बोलका आहे. आरएक्सचं वजन साधारण १०३ किलो. आजची स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आणि आठ अश्वशक्तीची. म्हणजे दर शंभर किलोमागे स्प्लेंडरकडे सात अश्वशक्ती, तर आरएक्सकडे साडेदहाच्या वर. अॅक्सिलरेटर पिळला की पुढचं चाक हलकं होतं, असं जुने चालक सांगतात, त्याचं कारण हे आहे.

मग हे इंजिन वेगळं काय करत होतं?

आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक. आजच्या मोटारसायकली फोर-स्ट्रोक असतात. फरक सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा खाली-वर झाल्यावर एकदा स्फोट होतो आणि ताकद मिळते. टू-स्ट्रोकमध्ये दोनच हालचालींत ते काम होतं. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत दुप्पट स्फोट. शिवाय व्हॉल्व्ह, कॅम असली भानगड वरच्या बाजूला नसते. भाग कमी, वजन कमी, दुरुस्ती सोपी.

तो ओळखीचा आवाजही यातूनच येतो. संथ सोडली की तुटक टकटक आणि रेस केली की तार ओढल्यासारखा चढत जाणारा सूर. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की घरातल्यांना कोण आलं ते कळायचं.

या इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइलही जाळावं लागतं. आरएक्समध्ये त्यासाठी वेगळी टाकी आणि छोटा पंप होता, त्यामुळे पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायची कटकट नव्हती. सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर हा त्या जळालेल्या ऑइलचा.

धाराशिवसारख्या भागात ती रुजली कशी?

जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. आठ तालुके, एका टोकाला परंडा आणि दुसऱ्या टोकाला उमरगा. मधून बालाघाटच्या डोंगररांगा. तुळजापूरला जायचं तर घाट, कळंब-वाशीकडे जायचं तर चढउतार. शेतात, वस्तीवर, बाजारात जाणारा माणूस कच्च्या वाटेवरूनच जाणार. अशा ठिकाणी हलकी, चढावर दम न सोडणारी आणि चिखलातून एकट्याने ओढून काढता येणारी गाडी कामाची ठरते.

दुसरं कारण दुरुस्तीचं. प्लग काढून साफ करणं, कार्बोरेटर खोलणं, सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढणं ही कामं चार पाने जवळ असले की अंगणात होत. त्यापलीकडची कामं, म्हणजे बोअर करून घेणं आणि रिंग-पिस्टन बदलणं, तालुक्याच्या गॅरेजवर होत. लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष न सापडणाऱ्या आजच्या गाड्यांशी हे ताडून पाहा.

आरएक्सच्या आठवणींत वेगाचे किस्से भरपूर असतात, पण खरी ओढ या दुसऱ्या कारणाची आहे. चालवणाऱ्याला समजणारं, हाताने दुरुस्त होणारं ते यंत्र होतं. मालकाचा गाडीवर ताबा होता. एफ४० साठी हळहळणारे युरोपातले शौकीनही वेगळं काही म्हणत नाहीत.

इतकी आवडती होती तर बंद का झाली?

धुरामुळे. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं इंधन आत घेण्याचं आणि जळालेला वायू बाहेर ढकलण्याचं काम एकाच वेळी चालतं. त्यात न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग थेट सायलेन्सरमधून निसटतो. वर जळालेलं ऑइल. त्यामुळे फोर-स्ट्रोकच्या मानाने प्रदूषण जास्त आणि मायलेज कमी.

भारतात पेट्रोलच्या वाहनांसाठी उत्सर्जनाचे पहिले निकष १९९१ मध्ये आले. ते एप्रिल १९९६ पासून कडक झाले. दुचाकीने एका किलोमीटरमागे ४.५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडू नये, असं ठरलं. २००० मध्ये ही मर्यादा २ ग्रॅमवर आली. आरएक्स १०० पहिल्याच वळणावर थांबली. आरएक्स १३५ सारखी तिची भावंडं आणखी काही वर्षं निघाली, पुढे तीही बंद झाली.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करावी लागते. आपल्याला ज्या धुराचा वास आठवणीतला वाटतो, तो शेजारच्या दम्याच्या रुग्णाला तसा वाटत नाही. गाडी बंद झाली ती कुणाच्या आकसाने नव्हे.

नवी आरएक्स १०० येणार का?

ही बातमी दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर फिरते. २०२२ मध्ये यामाहा मोटर इंडियाचे तत्कालीन प्रमुख ईशिन चिहाना यांनी या नावाबद्दल जाहीरपणे सांगितलं होतं. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की हे नाव कंपनीने राखून ठेवलं आहे, पण जुनं इंजिन परत आणणं शक्य नाही आणि भलत्याच गाडीला ते नाव देऊन ते खराब करायचं नाही. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परत आल्या, त्या नव्या फोर-स्ट्रोक इंजिनासह. आरएक्स आली तरी तशीच येईल. तो आवाज आणि ते वजन आजच्या निकषांत बसणं कठीण. म्हणून जुन्या गाडीचीच किंमत वाढते.

जुनी आरएक्स रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे का?

हो, कागद चालू असतील तर. १५ वर्षं झालेल्या पेट्रोल गाडीवर सरसकट बंदीची चर्चा ऐकू येते, ती दिल्ली परिसरातल्या नियमांची. महाराष्ट्रात खासगी दुचाकीला तशी वयाची अट नाही. पण नोंदणी पहिल्या १५ वर्षांपुरतीच असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं.

त्याचा खर्च असा:

• नूतनीकरण शुल्क: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलीला २,००० रुपये. १५ ते २० वर्षांच्या गाडीला १,००० रुपये. प्रत्येक आरएक्स १०० आता वीस वर्षांच्या पुढचीच आहे.

• राज्याचा पर्यावरण कर: १५ वर्षांपुढच्या खासगी वाहनांना तो वेगळा भरावा लागतो.

• उशिराचा दंड: मुदत उलटून गेली असेल तर केंद्रीय नियमांत दुचाकीला दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क आहे. दहा वर्षं पडून असलेल्या गाडीचा हिशेब किती जाईल, ते अर्ज करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

• विमा आणि पीयूसी: दोन्ही चालू हवेत. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकींना पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. नव्या गाड्यांपेक्षा ही मर्यादा सैल आहे. इंजिन नीट बांधलेलं आणि ऑइल पंप जागेवर असलेला असेल तर ती पाळता येते.

• एचएसआरपी नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या वाहनांना बंधनकारक. दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी. म्हणजे आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ उमटवणाऱ्या हौशी प्लेटचे दिवस संपले.

जुन्या आरसी बुकवर ‘उस्मानाबाद’ छापलेलं असेल तर घाबरू नका. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तरी एमएच २५ हा क्रमांक तोच आहे. तुमच्या गाडीचा नंबर नाव बदलल्यामुळे बदलत नाही.

गाडी वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर आहे, ते आज नाहीत. मग?

आरएक्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडचण इथे येते. गाडी घरातच असते, चावीही असते, पण आरसीवर नाव गेलेल्या माणसाचं. घरच्यांना वाटतं, आपलीच तर गाडी आहे. कायद्याच्या दृष्टीने ती तुमची झालेली नसते.

मोटार वाहन कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. उशीर झाला असला तरी दार बंद होत नाही, फक्त कागद आणि खर्च वाढतात. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर होतो.

हे काम भाऊ-बहिणी एकत्र आहेत, सह्या सहज मिळतात तोवर उरकून घ्या. पडवीतल्या भंगाराची किंमत लाखाकडे जाते आहे असं कळलं, की पुढे संमती मिळवणं अवघड होतं.

आरसी हरवलीच असेल तर?

आधी मोबाइलवर ‘एम-परिवहन’ अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून पाहा. नोंद संगणकावर चढलेली असेल तर मालकाचं नाव काही अक्षरं झाकून दिसतं, नोंदणीची तारीख आणि मुदतही दिसते. नोंद दिसत नसेल तर ज्या आरटीओत गाडी पहिल्यांदा नोंदली तिथेच जुन्या नोंदवहीतून ती शोधून घ्यावी लागते. कागद नाहीत आणि नोंदही नाही, अशी गाडी अंगणात शोभेला ठेवता येईल. रस्त्यावर आणता येणार नाही.

‘विंटेज’ म्हणून नोंदवली तर सुटका होते का?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. सांगाडा आणि इंजिन मूळचं हवं, मोठे फेरफार केलेले नकोत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

आता हिशेब करा. सगळ्यात पहिली आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ ची. तिला पन्नास वर्षं होतील २०३५ मध्ये. शेवटच्या गाड्या १९९६ च्या, त्यांची पाळी येईल २०४६ मध्ये. तोवर कायद्याच्या लेखी ही वारसा नाही, फक्त जुनी गाडी. उदाहरणार्थ १९९० ची गाडी विंटेजच्या वयात पोहोचेपर्यंत तिचं २०२५, २०३० आणि २०३५ असं तीनदा नूतनीकरण करावं लागतं. आजच्या दराने त्याचे सहा हजार रुपये, कर वेगळा.

आणि मोठी मेख पुढेच आहे. विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे २०३५ नंतर मालकाला ठरवावं लागेल. मान हवा की चालवण्याचा हक्क? ज्याला अजूनही तिच्यावरून तुळजापूरच्या घाटातून जायचं आहे, त्याच्यासाठी नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं.

सायलेन्सर बदलला, रंग बदलला, तर चालतं का?

आरएक्स म्हटलं की सायलेन्सर बदलायची हौस आलीच. पण आवाज आणि धुराच्या निकषांचं उल्लंघन केल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि लायसन्सही तीन महिने निलंबित होतं. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून.

आणि एक व्यवहारी गोष्ट. जाणकार खरेदीदार जास्त पैसे देतो ते मूळ सायलेन्सर, मूळ टाकी, मूळ मीटर असलेल्या गाडीला. मोठ्या आवाजासाठी जुना सायलेन्सर भंगारात घालणारा आपल्याच गाडीची किंमत उतरवत असतो.

विकत घ्यायची असेल तर काय पाहायचं?

• इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळतो का? कागद एका गाडीचे आणि सांगाडा दुसऱ्या गाडीचा, हा प्रकार जुन्या गाड्यांत नवा नाही.

• आकड्यांच्या जागी घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसतात का? दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून परत फिरा.

• आरसीवर ९८ सीसीच आहे ना? आरएक्स १३५ ची किंवा दुसऱ्या आरएक्सची टाकी-स्टिकर बदलून ‘शंभर’ म्हणून विकली जाते.

• नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा, थकलेला कर आणि ई-चलन तपासा. व्यवहार गाडी नावावर करूनच संपवा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर विसंबू नका.

• ब्रेक करून घ्या. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रमच आहेत. उचल तरुण गाडीची आणि थांबणं म्हाताऱ्या गाडीचं, हे गणित आजच्या चौपदरी रस्त्यावर धोक्याचं आहे. हेल्मेटला पर्याय नाही.

ठेवावी की भंगारात द्यावी?

उत्तर घराघरांत वेगळं असेल. कागद सापडतात, सांगाडा सडलेला नाही, घरात कुणाला तरी हात काळे करायची आवड आहे, तर ती गाडी जपण्यासारखी आहे. यातलं काहीच नसेल तर अधिकृत केंद्रात मोडीत देऊन नोंदणी रद्द करून घेणं बरं, म्हणजे उद्या तिच्या नंबरवर दुसरंच कुणी काही केलं तर पोलिस तुमच्या दारात येणार नाहीत.

फेरारी एफ४० शीशमहालात ठेवली तरी चालते, तिचा मालक कोट्यधीश असतो. आरएक्स १०० टिकेल ती गोठ्यातून बाहेर काढून, पीयूसी करून, वेळेवर आरटीओत नेऊन. तेव्हा या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी किक मारण्याआधी ट्रंकेतलं आरसी बुक शोधा आणि मुदतीची तारीख पाहा.